धोका 'दुप्पट' म्हणजे नक्की किती? आरोग्याची माहिती तुम्ही कशी तोलता?

साकव

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय आज मांडतोय. बाबांचं वय ६८. दोन महिन्यांपूर्वी कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं म्हणून डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी सुरू केली. "हार्ट अटॅकचा धोका पंचवीस टक्क्यांनी कमी होईल," एवढं सांगितलं. बाबांनी तीन आठवडे ती नेमाने घेतली. मग एका दुपारी खोक्यातलं माहितीपत्रक उलगडून, भिंग घेऊन अथपासून इतिपर्यंत वाचलं. त्यात दुष्परिणामांच्या यादीत 'स्नायुदुखी : सामान्य' असं होतं. त्याच आठवड्यात त्यांच्या ग्रुपवर निरोप फिरला की कुणाच्या तरी मेहुण्याला या गोळीमुळे खुर्चीतून उठता येईना. दोन दिवसांत बाबांच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. गोळी बंद.

मी त्यांना अभ्यास दाखवले, आलेख दाखवले. ते सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "तुझे आकडे बरोबर असतील रे, पण पाय माझे दुखतात."

सुरुवातीला राग आला. नंतर जाणवलं की मीसुद्धा असाच वागतो. विमान हलायला लागलं की माझे हात गार पडतात, आणि रोज दुचाकीवर जाताना काहीच वाटत नाही. यातलं कशात जास्त माणसं मरतात ते मला पाठ आहे.

तर प्रश्न असा : एखादी गोष्ट तब्येतीला धोक्याची आहे की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवता? आकड्यांवरून, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, की ओळखीच्यांना काय झालं त्यावरून? आणि घरच्यांशी याबद्दल कसं बोलता?

झुळूक

ओळखीच्यांना काय झालं त्यावरून. आणि त्यात काही चुकतंय असं मला वाटत नाही.

गणितवेडी

चांगला धागा, साकव.

माझा एकच नियम आहे : 'टक्के वाढले' किंवा 'टक्के घटले' असं कानावर पडलं की आधी विचारायचं, "कितीतून किती झाले?" उत्तर मिळेपर्यंत घाबरायचं नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण १९९५ सालचं आहे. ब्रिटनमध्ये औषधांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या समितीने ऑक्टोबरात इशारा दिला की नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. बातम्यांमध्ये ते शंभर टक्के वाढ म्हणून आलं. मुळात काय होतं? जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० बायकांमध्ये एकीला गुठळी व्हायची, नव्या गोळ्यांमुळे दोघींना. वाढ सात हजारांत एकीची. पण 'दुप्पट' ऐकून कितीतरी जणींनी गोळ्याच सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. आणि गुठळीचा धोका गर्भारपणात त्या गोळीपेक्षाही जास्त असतो. म्हणजे ज्याला भिऊन पळाल्या त्याच्याच दिशेने पळाल्या. हे मला आजही वाचवत नाही, कारण तो इशारा खोटा नव्हता. फक्त अर्धा सांगितला होता.

तुमच्या डॉक्टरांचे पंचवीस टक्केही तसेच अर्धे आहेत. कितीचे पंचवीस टक्के?

रानवाट

+१. 'कितीतून किती' हे आजपासून माझंही. वाचनखूण साठवली.

कोरा कागद

यात भर घालतो. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस गट १ मध्ये टाकलं. त्याच गटात तंबाखू आहे. लगेच मथळे आले की हे खाणं सिगारेटइतकंच घातक. पण ते गट पुरावा किती पक्का आहे त्यावरून पाडलेले असतात, धोका किती मोठा आहे त्यावरून नव्हे. दोन्हींमुळे कर्करोग होतो याची खात्री आहे, एवढाच त्याचा अर्थ. मांसाच्या बाबतीत आकडा होता रोजच्या ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगात १८ टक्के वाढ. आयुष्यभरात शंभरातल्या साधारण सहा जणांना हा आजार होतो असं धरलं, तर ते सात होतील. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं नातं कितीतरी पटींचं आहे.

साप विषारी आहे हे कळणं वेगळं, आणि तो आपल्या पायाशी आहे की पिंजऱ्यात, हे कळणं वेगळं.

मात्र गणितवेडी ताई, तुमच्या नियमालाही एक भोक आहे. किमिहिको यामागिशी यांचा १९९७ चा प्रयोग पाहा. काही लोकांना सांगितलं की एका आजाराने १०,००० पैकी १,२८६ माणसं दगावतात, आणि इतरांना सांगितलं की १०० पैकी २४.१४ दगावतात. पहिला आजार जास्त भयंकर वाटला. खरं तर तो जवळपास निम्मा आहे. १,२८६ म्हटल्यावर डोळ्यांपुढे माणसांची रांग उभी राहते, आणि खालचा दहा हजार कुणी बघत नाही. त्यामुळे 'कितीतून किती' विचारून भागत नाही, दोन्ही वेळचं 'कितीतून' एकच आहे ना तेही बघावं लागतं.

गणितवेडी

मान्य. शंभर तर दोन्हीकडे शंभर, हजार तर दोन्हीकडे हजार. नियमात दुरुस्ती केली.

झुळूक

माझ्या एका ओळीवर कुणीच काही बोललं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या मोठ्या बहिणीला एका साध्या अँटिबायोटिकची रिअ‍ॅक्शन आली. घसा सुजला, श्वास अडकला. रस्ताभर मी तिचा हात धरून बसले होते. ती वाचली. नंतर मला सांगण्यात आलं की असं फार क्वचित होतं. क्वचित होतं हे मला समजतं हो. पण ते औषध समोर आलं की मला तो हात आठवतो. आणि तुमचा आकडा गर्दीचा आहे. दहा हजारांत एक म्हणता तेव्हा ती एक माझी बहीण होती. तिच्यासाठी तो धोका शंभर टक्के होता.

म्हणून साकव यांच्या बाबांची बाजू मला कळते. ग्रुपवरच्या त्या मेहुण्याला पाय आहेत, घर आहे, बायको आहे. अभ्यासातल्या माणसांना काहीच नसतं.

दवबिंदू

झुळूक, वाचून गलबलून आलं. बहीण बरी आहे ना आता?

तुम्ही म्हणता ते मानसशास्त्रात नेमकं नोंदलेलं आहे. जे चटकन आठवतं ते वारंवार घडत असणार असं मन धरून चालतं, हे टव्हर्स्की आणि कानेमन यांनी १९७३ मध्ये मांडलं. १९७८ च्या एका गाजलेल्या अभ्यासात लोकांना निरनिराळ्या कारणांनी होणाऱ्या मृत्यूंचा अंदाज करायला सांगितला होता. वादळासारख्या बातमीत झळकणाऱ्या कारणांचे अंदाज वाढीव आले. पक्षाघात, दमा, मधुमेह यांचे फार कमी आले. हे आजार घराघरांत गुपचूप माणसं नेतात, त्यांचा मथळा होत नाही.

दुसरी गोष्ट पॉल स्लोविक यांची. १९८७ मध्ये त्यांनी दाखवलं की सामान्य माणसाच्या मनातला 'धोका' दोन गोष्टींनी ठरतो : ती गोष्ट किती भयानक आणि हाताबाहेरची वाटते, आणि ती किती अनोळखी, न दिसणारी आहे. साकव, विमान आणि दुचाकी इथेच बसतात. दुचाकीचा दांडा आपल्या हातात असतो.

पण यावरून माणसं मूर्ख ठरत नाहीत, हे मला ठासून सांगायचंय. आपण स्वतःहून पत्करलेला धोका आणि आपल्यावर लादलेला धोका यांत फरक करणं हा शहाणपणाच आहे. तो मृत्यूच्या आकड्यात मावत नाही इतकंच.

झुळूक

आहे, छान आहे. आता तीच मला औषध घ्यायला दटावते.

पांढरा कोट

बरीच वर्षं इथे वाचतो, क्वचित लिहितो. पेशाने डॉक्टर आहे, म्हणून आमच्या बाजूचं सांगतो.

हे सगळं फक्त रुग्णांचं होतं असं समजू नका. १९८२ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया की रेडिएशन, असा प्रश्न रुग्णांना, विद्यार्थ्यांना आणि डॉक्टरांनाही विचारला होता. काहींना 'शस्त्रक्रियेत शंभरातले ९० वाचतात' असं सांगितलं, काहींना 'शंभरातले १० दगावतात' असं. गोष्ट एकच. तरी 'दगावतात' ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जास्त लोक रेडिएशनकडे वळले. आमची जमातही त्यातून सुटली नाही.

तो अभ्यास वाचल्यापासून मी स्वतःकडे लक्ष द्यायला लागलो. रुग्णाने एखादा उपचार घ्यावा असं मला वाटत असलं की माझ्या तोंडी आपोआप 'वाचतात' येतं. नको वाटत असलं की 'दगावतात'. आणि फायदे टक्क्यांत, म्हणजे मोठे दिसतात. तोटे 'हजारात एखादा' असे, म्हणजे लहान दिसतात. कुणाला फसवायचा हेतू नसतो, पण परिणाम तोच होतो. आता मी दोन्ही बाजू एकाच मापात आणि एकाच दमात सांगतो. वेळ जास्त लागतो. बाहेर रांग असते. रोज जमतंच असं नाही.

साकव, त्या पत्रकातल्या 'सामान्य' शब्दाबद्दल. युरोपातल्या औषधांच्या माहितीपत्रकांत या शब्दांना ठरावीक अर्थ आहेत आणि इतरत्रही तीच पद्धत पुष्कळदा दिसते. 'अति सामान्य' म्हणजे दहांत एकाहून जास्त, 'सामान्य' म्हणजे शंभरात एक ते दहा, 'दुर्मीळ' म्हणजे दहा हजारांत एक ते दहा. वाचणाऱ्याला 'सामान्य' म्हणजे बहुतेकांना होणारं वाटतं. बाबांनी तो शब्द रोजच्या मराठीत वाचला. त्यात त्यांचा काय दोष?

तिसरा घाट

बाबांच्या पोटऱ्यांबद्दल कुणी बोललं नाही अजून.

साकव, तुमच्यासारखाच वाद माझ्या काकांशी झाला होता, तेव्हा मला सॅमसन नावाचा अभ्यास सापडला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा, २०२० चा. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेली ६० माणसं घेतली. त्यांना वर्षभराच्या बारा बाटल्या दिल्या : चारांत स्टॅटिन, चारांत दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. कुठल्या महिन्यात काय उघडायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं. रोज फोनवर त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. काहीच न घेतलेल्या महिन्यांत सरासरी ८, औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत १५.४, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३.

म्हणजे गोळी घेतल्यावर त्रास खरोखर वाढत होता, जवळपास दुप्पट. पण त्यातला ९० टक्के वाटा औषध नसलेल्या गोळीनेही दिला. गोळी घेतोय हे माहीत असणंच पुरेसं होतं.

इथे एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. काकांना मी म्हणालो, "हे सगळं तुमच्या मनाचं आहे." ते चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. दुखणं खोटं नव्हतंच. पाय खरोखर दुखत होते, फक्त कारण दुसरं होतं. त्या ६० जणांना त्यांचे स्वतःचे आलेख दाखवले तेव्हा निम्म्यांनी पुन्हा गोळी सुरू केली. दुसऱ्या कुणाचे नाहीत, स्वतःचे.

साकव

तिसरा घाट, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. "मनाचं आहे" हेच शब्द मी परवा बाबांना बोललोय.

दक्षिणवारा

सगळे आकडे सांगताहेत. आकडे देणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा, हे कुणी सांगत नाही.

१९५० मध्ये डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध छापला. १९५४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांनी चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत पानभर निवेदन दिलं की पुरावा निर्णायक नाही, आम्ही स्वतः संशोधन करू. त्यानंतर कित्येक वर्षं तज्ज्ञांच्याच भाषेत संशय पेरला गेला. लोक तेव्हाही 'माहिती' वाचूनच ओढत होते. उलट १९९८ मध्ये लॅन्सेटसारख्या नामांकित नियतकालिकात बारा मुलांवरच्या एका लेखाने लस आणि ऑटिझमचं भूत उभं केलं, आणि तो लेख मागे घ्यायला २०१० उजाडलं. तोवर किती आईबापांनी लस टाळली असेल?

तेव्हा बाबा ग्रुपवरच्या माणसावर विश्वास ठेवतात ते भोळेपणाने नाही. त्याला ते तीस वर्षं ओळखतात. औषध कंपनीला नाही ओळखत.

दवबिंदू

दक्षिणवारा, तुमच्या मुद्द्यात दम आहे, पण तो इतका सरळ नाही. लशीचंच घ्या. रिटॉव्ह आणि बॅरन यांनी १९९० मध्ये लोकांपुढे एक काल्पनिक आजार ठेवला, ज्यात १०,००० मुलांपैकी १० दगावतात. लस आजार थांबवते, पण तिच्यामुळेही काही मुलं दगावू शकतात. किती चालतील? गणिताने दहापेक्षा कमी काहीही चालायला हवं. पुष्कळांना त्याहून बरंच कमी हवं होतं, काहींना शून्यच. अविश्वास इथे कुठेच नव्हता, आकडे सगळ्यांना मान्य होते. पण आपण टोचून घेतल्यामुळे मूल गेलं, हे काहीच न केल्यामुळे मूल जाण्यापेक्षा सोसायला जड जातं. बाबांचंही तसंच नसेल ना? गोळी घेऊन पाय गेले तर ते 'मी केलं', न घेता अटॅक आला तर ते 'झालं'.

आणि माणूस किती खोलात शिरतो, यावर एक जुनी पण मला फार पटलेली मांडणी आहे. ग्रिफिन, डनवुडी आणि न्यूवर्थ यांची, १९९९ ची. त्यांचं म्हणणं, आपल्याला किती माहिती आहे आणि किती असायला हवी असं वाटतं, यांतलं अंतर माणसाला वाचायला बसवतं. काळजीने ते अंतर वाढतं. भोवतालच्या माणसांची 'तुला हे माहीत असायला हवं' अशी अपेक्षा असेल तरीही वाढतं. अंतर मिटल्यासारखं वाटलं की शोध थांबतो, मिळालेली माहिती खरी असो वा नसो. बाबांचं अंतर त्या निरोपाने मिटलं. साकव, तुम्ही आलेख नेलेत तेव्हा त्यांचं दुकान बंद झालेलं होतं. आणि मुलाने शिकवायला येणं म्हणजे बंद दारावर थाप.

रानवाट

'बंद दुकान' एकदम पटलं. आमच्या घरी सगळ्यांची दुकानं कायम बंद, फक्त मी फेरीवाला :)

आजोबा ७१

मुलांनो, सकाळपासून वाचतो आहे. आता माझं ऐका.

तुम्ही सगळे धोका किती, धोका किती म्हणताय. कशाचा धोका, हे साकवने त्याच्या बाबांना विचारलंय का? तुमच्या वयात मरणाची भीती मोठी असते. माझ्या वयात तिची धार बोथट होते. मला भीती वाटते ती दुसऱ्याच्या हाताला धरून संडासला जावं लागण्याची. हिच्या शेवटच्या वर्षात मी ते पाहिलंय. डॉक्टर मला म्हणाले, "या गोळीने आयुष्य वाढेल." मी म्हटलं, "कुठल्या बाजूने वाढेल ते सांगा." त्यांना कळलं नाही.

पत्रकात स्नायू हा शब्द वाचला की मला माझे पाय दिसतात. हृदय दिसत नाही. पाय गेले तर माझं सगळं गेलं. तुमच्या शंभरातल्या दहांपैकी मी नसेन कदाचित, पण मी आकडा मोजत नसतो, बाळांनो, मी पणाला काय लावलंय ते बघत असतो.

पक्षाघातानेही पाय जातात, हे मला नातीने सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सहा वर्षं गोळी घेतोय.

पांढरा कोट

आजोबा, हे तुमचे चार परिच्छेद मी प्रिंट करून टेबलाच्या काचेखाली ठेवणार आहे. परवानगी असावी.

कोरा कागद

आजोबांना दंडवत. मानसशास्त्रज्ञ व्हॅलरी रेना यांचं म्हणणं हेच आहे, की माणूस निर्णय घेतो तो आकड्याच्या साराने, अचूक आकड्याने नव्हे. आणि वय आणि अनुभवाबरोबर माणूस साराकडे जास्त झुकतो. त्या सारात चूक असेल तर सार दुरुस्त करायचं. नातीने केलं तसं.

गणितवेडी

आणि मी इतके दिवस आकडे दुरुस्त करत बसले होते. आजोबा, तुमच्या नातीचा नियम माझ्या नियमाच्या आधी लिहिते : आधी 'कशाचा', मग 'कितीतून किती'.

साकव

दहा दिवसांनी लिहितोय. उशिराबद्दल क्षमस्व.

आधी बाबांची माफी मागितली, 'मनाचं आहे' म्हटल्याबद्दल. मग विचारलं, "तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते?" बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आईला उचलून बसवावं लागतं. माझे पाय गेले तर ते कोण करणार?" आईला संधिवात आहे. हा मुद्दा माझ्या एकाही आलेखात नव्हता.

मग दोघं डॉक्टरांकडे गेलो. 'कितीतून किती' मीच विचारलं. ते आधी जरा चमकले, मग कागद घेऊन त्यांनी शंभर ठिपके काढले. बाबांचं वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल धरून, अशा शंभर जणांपैकी पुढच्या दहा वर्षांत सुमारे वीस जणांना हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येतो. गोळी घेतली तर सुमारे पंधरा जणांना. म्हणजे पाच जण वाचतात, पंधरा जणांना गोळी घेऊनही येतो, आणि ऐंशी जणांना एरवीही आला नसता. पंचवीस टक्के ते हेच. बाबांनी त्या पाच ठिपक्यांभोवती स्वतः पेनाने गोल काढला आणि विचारलं, "यातले पाय गेलेले किती?" डॉक्टर म्हणाले, पक्षाघात झालेल्यांतल्या बऱ्याच जणांना हातापायाचं काहीतरी राहतं. स्नायुदुखी बहुतेकांची गोळी थांबवली की जाते, हेही सांगितलं.

मला वाटलं होतं बाबा लगेच हो म्हणतील. नाही म्हणाले. त्यांनी वेगळंच मागितलं : एक महिना गोळीचा, एक महिना बिनगोळीचा, असं आलटून पालटून चार महिने, आणि रोज वहीत पोटऱ्यांना दहापैकी गुण. त्यांना सॅमसनबद्दल मी सांगितलं नव्हतं. शपथेवर सांगतो. कमी मात्रेने सुरुवात करून डॉक्टरांनी होकार दिला. गोळी कुठल्या महिन्यात आहे हे त्यांना माहीत असणार, त्यामुळे ही परीक्षा अर्धीच आहे, हे मला कळतंय. तरी काही बोललो नाही.

वहीचं पहिलं पान भरलंय. पहिले चार दिवस ३, ३, ४, २. पाचव्या दिवशी गुणांच्या जागी लिहिलंय, 'आज विसरलो.'

तिसरा घाट

दुखायचं विसरले की लिहायचं?

साकव

विचारलं नाही. चार महिन्यांनी वही पूर्ण झाली की इथे येऊन सांगतो.

आजोबा ७१

नको विचारूस. आईचं उचलणं सध्या कोण करतंय ते मात्र बघ.